मंजूर रेल्वे आणि यमुनामावशीचा दवाखाना

भिवंडीला लोकल मंजूर झाल्याचे पेढे मी नोकरीत इतक्या वेळा खाल्ले आहेत, की पुढे पुढे चवीवरून निवडणूक ओळखता यायची. महापालिकेची असली तर पेढा नुसता साखरेचा. विधानसभेची असली तर खव्याचा. लोकसभेची असली तर वर पिस्त्याची कातरी. गाडी मात्र एकाही पेढ्यामागून आली नाही.

बाहेरच्या वाचकाला वाटेल, भिवंडीला स्टेशन नाही की काय? आहे. गावाच्या कडेला आहे, तिथे गाड्याही येतात. पण जिच्या भरवशावर माणूस घड्याळ लावून कामाला निघतो, ती लोकल नाही. तर ती लोकल आणायची, आणि तिथेच न थांबता तालुक्याच्या आतल्या गावांपर्यंत न्यायची, असा तो प्रकल्प. मी नोकरीला लागले तेव्हा तो मंजूर होता. मी निवृत्त झाले तेव्हाही मंजूरच होता.

मी आरेखक होते. म्हणजे ड्राफ्ट्समन, बाई असले तरी पाटीवर मॅनच होतं. भिवंडीलगतच्या टेमघरला वाढले. वडील सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, बॉयलरवर होते. मला आयटीआयला घातलं तेव्हा शेजारची एक बाई आईला म्हणाली, "नकाशे काढून पोरीचं काय होणार?" तिचं म्हणणं फारसं चुकलं नाही. एका सरकारी नियोजन कार्यालयात माझी सगळी नोकरी झाली. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. पेन्शन चालू आहे आणि ती चालू राहावी अशी माझी इच्छा आहे.

माझं काम सोपं होतं. साहेब सांगतील तिथून तिथपर्यंत गावनकाशांवर रेषा ओढायची. आधी ट्रेसिंग कापडावर शाईने, नंतर संगणकावर. त्या रेषेला आखणी म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना पट्टा सोडायचा, तो आरक्षित. रेषा नकाशावर आली, की त्या पट्ट्यातल्या माणसाला घर बांधायची परवानगी मिळत नाही, मजला चढवता येत नाही, आणि जमीन विकायला काढली तर घेणारा नकाशा बघून चहा न पिताच उठतो. गाडी यायची तेव्हा येईल. रेषा लगेच येते. गाडीचं कुणाला काही करावं लागत नाही, रेषेचं मात्र सगळ्यांना सोसावं लागतं. एवढं कळलं की माझा धंदा कळला.

आता मंजुरी. लोकांना वाटतं मंजुरी एकच असते. अहो, तिच्या किती तरी पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला वेगळा फ्लेक्स लागतो. सर्वेक्षणाला मंजुरी. मग सर्वेक्षणाचा अहवाल स्वीकारायला मंजुरी. मग तत्त्वतः मंजुरी. तत्त्वतः म्हणजे मुलगी पसंत आहे, पण लग्न कधी, कुठे आणि कुणाच्या खर्चाने, ते विचारायचं नाही. त्यानंतर खर्चाचा वाटा. थोडा दिल्लीने द्यायचा, थोडा मुंबईने. दिल्ली म्हणते, मुंबईने आधी संमतिपत्र द्यावं. मुंबई म्हणते, दिल्लीने आधी तरतूद दाखवावी. दोघे एकमेकांना दारात "आधी आपण, आधी आपण" करत उभे, आणि आत पंगतीतले लोक उपाशी. शेवटी अर्थसंकल्पात एक नाममात्र रक्कम टाकतात. ती कशासाठी? तर प्रकल्पाचं नाव यादीतून गळू नये म्हणून. त्या रकमेत रूळ सोडा, रुळाखालची खडीही येत नाही. पण दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो, 'अखेर निधी मिळाला', आणि त्यावर हात जोडलेले इतके चेहरे, की वाटावं ही सगळी मंडळी स्वतः रूळ वाहून आणणार आहेत.

आमच्याकडे येणारी माणसंही एकेक असायची. एक आखणी निजामपुऱ्याच्या कडेने गेली होती, तेव्हाचे इक्बालचाचा मला विसरता येत नाहीत. गल्लीत त्यांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, लूमवर माळा, माळ्यावर घर. मुलाचं लग्न झालं आणि वर एक खोली हवी होती. परवानगी नाही, कारण पट्टा. त्यांनी टेबलावरचा माझा नकाशा नीट बघितला आणि म्हणाले, "मॅडम, मेरे वालिद को भी यही दिखाया था. कागज नया है, लकीर वही है."

मी म्हटलं, "चाचा, इस बार मंजूर हुआ है."

ते हसले. त्या हसण्यात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "आप गाडी मत लाओ, मॅडम," ते म्हणाले, "बस लकीर उठा लो." लकीर उचलण्याचे अधिकार आरेखकाला नसतात. ती पुढे आपोआप उचलली गेली, तोवर मुलगा भाड्याने दुसरीकडे राहायला गेला होता.

दुसरे आमचे जगनशेठ. बापजाद्यांची भातशेती आणि खाडीतली मासेमारी होती. आता शेतात गोदामं आहेत आणि गोदामांपुढे कंटेनरांच्या रांगा. जगनशेठ ऑफिसात आले की शिपाई आधी खुर्ची पुसायचा. या माणसाला रेषा माझ्या आधी कळायची. साहेबांनी मला आखणी सांगायची असायची सोमवारी, आणि जगनशेठ शुक्रवारीच माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणायचे, "बाई, दिघाशीच्या अंगानं जाताना पेन्सिल जरा हलकी ठेवा." सोमवारी साहेबही तेच सांगायचे, आणि त्यांच्या केबिनमधून मी बाहेर यायचे ती हलक्या पेन्सिलीनेच. शेठनी मला कधी काही देऊ केलं नाही. मी नकार दिला असता असं मला सांगायला आवडलं असतं, पण त्यांनी ती संधीच दिली नाही. जिथे द्यायचं तिथे ते देत असावेत. आरेखकाला कशाला देईल कुणी?

पण मी लिहायला बसले ते यमुनामावशीबद्दल.

दिघाशीच्या वाटेवर एक गाव आहे. नाव लिहीत नाही, म्हणजे कुणी तिथे चौकशीला जायला नको. यमुनामावशी त्या गावच्या ग्रामपंचायतीची सदस्य. ठेंगणी, काळीसावळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. पहिल्यांदा आली ती थेट माझ्या टेबलाशी, कारण पूर्ण ऑफिसात बाई म्हणून मी एकटीच दिसले.

"तू नकाशे काढतंस ना, बाय?"

"काढते."

"मंग आमच्या दवाखान्यावरून रेघ काढलीस ती तूच."

गावाला आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं होतं. उपकेंद्र म्हणजे फार काही नव्हे. दोन खोल्या, एक नर्स, बाळंतपणाचं टेबल, लशी ठेवायला फ्रीज. जागा ग्रामपंचायतीची, गावाच्या तोंडाशी, रस्त्याला लागून. आणि नेमकी तीच जागा आमच्या नकाशात 'प्रस्तावित स्थानक' म्हणून रंगवलेली होती. रंग मीच भरला होता, फिकट जांभळा.

आरोग्य खातं म्हणालं, रेल्वेचं ना हरकत आणा. रेल्वेवाले म्हणाले, प्रकल्प अजून आमच्या ताब्यात आलेला नाही, नियोजनवाल्यांकडे जा. आमचे मोहितेसाहेब म्हणाले, स्थानक रेल्वेचं, आम्ही ना हरकत देणारे कोण? साहेब वाईट माणूस नव्हते. सही केली नाही तर चूक होत नाही, या एकाच तत्त्वावर ते बढत्या घेत वर आले होते.

मावशीने ऐकून घेतलं आणि साहेबांना विचारलं, "साहेब, मंग गाडी कवा येनार?"

"मंजूर आहे. निधीचं बघतायत."

"तुमची गाडी कवा बी येऊ दे," मावशी म्हणाली. "तोवर आमच्या पोरींनी बालंत व्हायचं न्हाय का?"

साहेब फाईल उघडून वाचू लागले. फाईल भलत्याच गावाची होती.

त्यानंतर ती येत राहिली. कधी अर्ज घेऊन, कधी नुसतीच. येताना पिशवीतून वालाच्या शेंगा नाहीतर सुकट आणायची, आणि माझ्याबरोबर डबा खायची. मग एकदा बरेच महिने आली नाही. आली तेव्हा पिशवी रिकामी होती. तिच्या धाकट्या सुनेला पहाटे कळा सुरू झाल्या होत्या. रिक्षात घालून भिवंडीला निघाले. गोदामांच्या रस्त्यावर कंटेनर आडवा झालेला. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. दोन ट्रकांच्या मध्ये, रिक्षात, दोन्ही बाजूंनी लुगडी धरून बाळंतपण झालं. मुलगी झाली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत राहिली नाही.

मावशीने हे सांगितलं ते अगदी सपाट आवाजात. मग टेबलावर पसरलेल्या नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "हितं स्टेशन ना?"

मी हो म्हटलं.

"बरं दिसतंय," ती म्हणाली. "रंग चांगला दिलास."

त्या दिवसापासून मंजुरीच्या पेढ्यांतला एकही मी तोंडात घातला नाही. एवढाच काय तो माझा निषेध. सरकारला तो समजला नाही.

मग निवडणूक आली, आणि तत्त्वतः मंजुरीवर भूमिपूजन करायचं ठरलं. आता भूमिपूजनाला भूमी लागते. पूर्ण पट्ट्यात संपादन झालेली वीतभर जमीन नव्हती. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की एक जागा अशी आहे जी कुणाकडून घ्यावी लागणार नाही: ग्रामपंचायतीची. म्हणजे मावशीच्या दवाखान्याची. ज्या जागेवर दोन खोल्या बांधायला सरकारची हरकत होती, त्याच जागेवर आठवड्याभरात मुरूम पडला, रोलर फिरला, वीज आली, बोअर मारली. आणि मान्यवरांसाठी एक विश्रांती कक्ष बांधला. मंडपातला कापडी नव्हे. विटांचा, वर पत्रा, खाली पांढऱ्या लाद्या, संडास, न्हाणी, पाण्याची टाकी, भिंतीत एसी. हे सगळं घटकाभराच्या पाहुण्यांसाठी, त्यांना पाय धुवावेसे वाटले तर. आरक्षित पट्ट्यात बांधकाम कसं, असं मी मोहितेसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "प्रकल्पाचं तात्पुरतं बांधकाम चालतं, बाई. नियमात आहे." नियमात काय काय असतं, ते मोठा माणूस येणार असला की सापडतं.

मला नकाशाचा मोठा फलक घेऊन जावं लागलं. स्टेजच्या बाजूला तो उभा करायचा आणि साहेबांनी काठीने दाखवायचं, असं ठरलं होतं. हेलिकॉप्टर उतरलं, आणि त्याच्या वाऱ्याने फलक पहिला पडला. तो उभा करेपर्यंत नेते स्टेजवर पोचले होते. नकाशा त्यांनी बघितला नाही. रेल्वे कुठून कुठे जाणार हेही बोलले नाहीत. बोलले ते इतकंच, की पुढच्या वेळी मी हेलिकॉप्टरने नाही, लोकलने येईन. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "म्हंजे हे आता येनारच न्हाय?" त्याला सगळं बरोबर समजलं होतं.

औक्षणाला गावातल्या बायका उभ्या केल्या होत्या. पहिली यमुनामावशी. ताट घेऊन ती नेत्यांच्या समोर गेली, कुंकू लावलं, ओवाळलं, आणि ताट खाली न ठेवता म्हणाली, "साहेब, ही जागा आमच्या दवाखान्याची होती."

आयोजकांचे चेहरे उतरले. कुणीतरी तिच्या कोपराला धरलं. पण नेते सराईत होते. माइक जवळ ओढून म्हणाले, "या माझ्या भगिनीने मागणी केली आहे. अरे, एवढं मोठं स्टेशन होतंय, त्यात एक दवाखाना नाही व्हायचा? मी आत्ता, या ठिकाणी जाहीर करतो, स्टेशनात दवाखाना मंजूर!"

पुन्हा टाळ्या. ढोल वाजले. नेते विश्रांती कक्षात गेलेच नाहीत. उशीर झाला होता. हेलिकॉप्टर उडालं, फलक पुन्हा पडला, खुर्च्या टेम्पोत गेल्या. कक्षाला कुलूप लागलं. एसी दुसऱ्या दिवशी ठेकेदार काढून घेऊन गेला. भिंतीत चौकोनी भोक राहिलं.

निवडणूक झाली. रेल्वेचं कुणी नाव काढीना. पावसाळा आला, गेला. कक्ष तसाच. शेवटी एका सकाळी यमुनामावशीने गावातल्या बायका जमवल्या, दगडाने कुलूप फोडलं, खोली धुतली, भोकाला जाळी ठोकली, आणि ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसून लशी देणाऱ्या शैला सिस्टरला तिच्या खोक्यांसकट तिथे आणून बसवलं. बाहेर चुन्याने पाटी रंगवली. 'दवाखाना' एवढंच.

पुढचे काही महिने कुणाला पत्ताही नव्हता. मग जगनशेठना तिथून गोदामाकडे रस्ता काढावासा वाटला, आणि आमच्या कार्यालयात तक्रार आली: प्रस्तावित स्थानकाच्या जागेवर अतिक्रमण. जगनशेठना स्थानकाची काळजी लागलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

मोहितेसाहेब जागेवर पाहणीला निघाले, नकाशा घेऊन मला बरोबर घेतलं. मी वाटेत म्हटलं, "साहेब, राहू द्या ना. तिथे काही स्टेशन होत नाहीये."

"होत नाही असं आपण म्हणू शकत नाही," साहेब म्हणाले. "मंजूर आहे."

आम्ही पोचलो तो लसीकरणाचा दिवस निघाला. पोरं कडेवर घेतलेल्या बायकांची दारापासून रस्त्यापर्यंत ओळ. आत टेबलावर पडद्याआड एक पोटुशी तपासायला झोपलेली. साहेब उन्हातून आले होते, घामाघूम, तोंड लाल. मावशी पुढे आली.

"साहेब, बसा."

"बसायला आलो नाही. हे सरकारी जागेवर कुणाच्या मंजुरीने चाललंय?"

"त्या हेलिकॉप्टरवाल्या साहेबांच्या. मंजूर केलाय न्हाय का? समद्यांच्या देखत. स्टेशनात दवाखाना."

"ती भाषणातली घोषणा होती, मावशी. तिला काही आदेश नाही, निधी नाही. तशाने मंजूर होत नसतं."

"मंग रेल्वे?"

साहेबांनी रुमालाने मान पुसली.

"रेल्वे बी त्याच मानसानं, त्याच माइकावरून, त्याच भाषनात मंजूर केली," मावशी म्हणाली. "ती खरी असंल तर ही बी खरी. ही खोटी असंल तर ती बी खोटी, मंग तुमची रेघ पुसा आनि आमची जागा आमाला द्या. दोन्हीतलं काय तुमी लिवून देताव, सांगा."

ओळीतल्या बायका ऐकत होत्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी नकाशाकडे बघितलं. खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला होता, की तोंडावर दिसू नये म्हणून मी मान वर करत नव्हते.

तेवढ्यात शैला सिस्टर बाहेर आली. गोरीगोमटी, चष्मेवाली, बोलायला खडूस. तिला वाद कशाचा आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. साहेबांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुम्ही आधी बसा. बीपीची गोळी घेता का?"

"घेतो. आज राहिली," साहेब नकळत बोलून गेले.

तिने त्यांना स्टुलावर बसवलं, बाही वर केली, पट्टा गुंडाळला. पारा बघून तिची भिवई वर गेली. "आता कुणी बोलायचं नाही," ती आम्हाला सगळ्यांना म्हणाली, आणि साहेबांना पडद्याच्या अलीकडच्या खाटेवर आडवं केलं. पट्टा आखणारं सरकार पट्टा बांधून त्या पत्र्याखाली निजलं होतं, डोक्याशी मावशी पुठ्ठ्याने वारा घालत होती, आणि पलीकडून एका पोराचं भोकाड ऐकू येत होतं.

उठल्यावर साहेब पाणी प्यायले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बाई, लिहा. जागेवर प्रकल्पाचे तात्पुरते बांधकाम सुस्थितीत आढळले. त्याचा सार्वजनिक कारणासाठी वापर चालू आहे. अतिक्रमण आढळले नाही." आणि त्यांनी त्यावर सही केली. माझ्या समोर, न मागता, पहिल्यांदाच. पुढे निवृत्तीपर्यंत ते दर महिन्याला बीपी तपासायला त्याच दवाखान्यात जात. बायकोला सांगत, साइटवर जातो.

आता वाचकाला वाटेल, सत्याचा विजय झाला. थांबा. पुढे आखणी सुधारली. सर्वेक्षण ड्रोनने झालं, अहवाल रंगीत झाला, मंजुरी नव्याने मिळाली, आणि रेषा मावशीच्या गावावरून उचलून दोन गावं पलीकडे गेली. यमुनामावशीच्या अर्जांमुळे नव्हे, रिक्षात गेलेल्या त्या तान्ह्या पोरीमुळे तर नव्हेच. जगनशेठनी त्या बाजूला नवी गोदामं बांधली होती आणि त्यांना स्थानक आपल्या दाराशी हवं होतं, म्हणून. मावशीचे अर्ज वर्षानुवर्षं जे करू शकले नाहीत, ते शेठच्या एका दुपारच्या जेवणाने केलं.

पट्टा सुटला. मी स्वतः मावशीला फोन करून सांगितलं, आता पक्कं उपकेंद्र बांधून मिळेल. ती अर्ज घेऊन आरोग्य खात्यात गेली. तिथे सांगितलं, तुमच्या गावात दवाखाना चालू आहे की. चालू असलेल्या ठिकाणी नवी इमारत मंजूर करता येत नाही. मावशी मला फोनवर म्हणाली, "बाय, ह्यांच्यापुढं रडायचं का हसायचं, तेवढं तुमच्या नियमात बगून सांग." मग गावाने वर्गणी काढली, पत्र्यावर स्लॅब टाकला आणि शेजारी एक खोली वाढवली. परवानगी मागितली नाही. द्यायला कुणी आलंही नाही.

नव्या आखणीची रेषा काढणं हे माझं नोकरीतलं शेवटचं मोठं काम. माऊसने काढली, काही सेकंदांचं काम. स्क्रीनवर एकेक सर्व्हे नंबर त्या पट्ट्याखाली जात होता, आणि प्रत्येकात मला कुणाचा मुलगा, कुणाची वर चढवायची खोली दिसत होती. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भाषण झालं. नवे साहेब म्हणाले, रेल्वेच्या स्वप्नात मॅडमचा सिंहाचा वाटा आहे. मी म्हटलं, वाटा दिल्लीचा आणि मुंबईचा असतो, माझी नुसती रेघ. लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

गेल्या वर्षी पुन्हा बातमी आली: भिवंडीची लोकल मंजूर, निधी मिळाला, लवकरच भूमिपूजन. टेमघरच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. त्याच संध्याकाळी यमुनामावशीचा फोन. आता थकली आहे, ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून बोलते.

"बाय, परत मंजूर झाली म्हनं!"

"झाली, मावशी."

"पूजा जगनशेठच्या तिकडल्या गावानं हाय. तिथल्या बाया आल्यात माझ्याकडं. त्यास्नी बी दवाखाना न्हाय. इचारतात, साहेबांची खोली बांदतील ती कशी बांदून घ्यायची? मी सांगितलं, आमची एक बाय हाय, ती नकाशे काढते."

दुसऱ्या दिवशी त्या बायका टेमघरला माझ्या घरी आल्या. त्यांच्यातली एक गावाच्या स्वागत समितीत होती. ठेकेदार म्हणाला होता, विश्रांती कक्षाचा नकाशा तुम्हीच द्या, मला काय, साहेब खूश झाले पाहिजेत. मी जेवणाचं टेबल मोकळं केलं. बऱ्याच वर्षांनी कागद, पट्टी, पेन्सिल घेऊन बसले. शैला सिस्टरला फोन लावून विचारत गेले: टेबल केवढं, त्याच्या भोवती फिरायला जागा किती, उजेड कुठून हवा, ओटा कुठे, फ्रीजला वीज कुठे. पायऱ्यांऐवजी उतार ठेवला. संडास आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून जाता येईल असा. वर ठळक अक्षरात लिहिलं, 'मा. प्रमुख अतिथी विश्रांती कक्ष (तात्पुरता)'. त्या बायकांनी नकाशा उलटसुलट करून बघितला. एकीने विचारलं, हे कागदावरच राहणार का? मी म्हटलं, नाही बाई, हे होणार. हे हेलिकॉप्टर उतरायच्या आधी झालंच पाहिजे.

आठवड्याने ठेकेदाराचा फोन आला. काम सुरू झालं होतं, चौकटी बसवायच्या होत्या.

"मॅडम, तुमच्या नकाशात दार फार रुंद दिलंय. अख्खी खाट जाईल त्यातून. व्हीआयपी खोलीला एवढं दार कशाला?"

मी म्हटलं, "तेवढंच ठेवा. येणारे फार मोठे आहेत."